सेफ्टीचे कागद ड्राइव्हवरच ठेवायचे की वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं? बडोद्यातल्या नवीन सेफ्टीवाल्यांसाठी

नंदेसरी, रानोली, मकरपुरा, सावली, पादरा, ह्या पट्ट्यात कुठेतरी तुम्ही नुकतेच सेफ्टीला लागला असाल, एडीआयएस (इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा) करून लागला असाल किंवा मेंटेनन्समध्ये बरं चाललं होतं आणि एक दिवस साहेब म्हणाले "आजपासून सेफ्टी पण तुम्हीच बघा", तर हे तुमच्यासाठी लिहितोय. पहिल्या महिन्यातच कळतं की कागद प्रचंड आहेत, अर्धे कपाटात, अर्धे आधीच्या माणसाच्या लॅपटॉपवर, आणि तुम्ही शेठना सांगायला जाता की ह्यासाठी एक सॉफ्टवेअर पाहिजे, तर शेठ म्हणतात "ड्राइव्ह छे ने? एमां मूकी दो", म्हणजे ड्राइव्ह आहे ना, त्यात टाका. त्यांचं अगदीच चुकत नाही, पैसे त्यांच्या खिशातून जाणार. त्यामुळे ड्राइव्ह का पुरत नाही हे त्यांना पटेल असं सांगता आलं पाहिजे, आणि त्याच्याही आधी आपल्याला स्वतःला नक्की माहीत पाहिजे की आपल्याकडे तो पुरतोय की नाही. काही ठिकाणी खरंच पुरतो.

पायरी १: आधी कागदांचे दोन ढीग करा

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावायच्या आधी हे करा, एक आख्खी दुपार जाईल, जाऊ दे. सगळे सेफ्टीचे कागद समोर घ्या आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारा: ह्याला पुढची तारीख आहे का, आणि ह्यातलं कुणीतरी काही करायचं बाकी आहे का. दोन्ही नाही असेल तर पहिला ढीग, एकाचं जरी हो आलं तरी दुसरा.

पहिल्या ढिगात येईल सही केलेली सेफ्टी पॉलिसी, लेआउट, मंजूर झालेले प्लॅन, मशीनची मॅन्युअलं, गेल्या ४ मार्चच्या सेफ्टी डेचे बॅनर धरून काढलेले फोटो. ह्या सगळ्याला ड्राइव्ह एकदम बरोबर, त्यासाठी वेगळे पैसे घालवू नका.

दुसरा ढीग बघून मात्र जरा घाम फुटतो. माल वर नेणारा होइस्ट आणि लिफ्ट, जुन्या फॅक्टरीज ॲक्टच्या कलम २८ प्रमाणे दर ६ महिन्यांतून एकदा काँपिटंट पर्सनकडून (सरकारमान्य तपासनीस) तपासणी. क्रेन, चेन, रोप, स्लिंग, कलम २९, दर १२ महिन्यांतून. प्रेशर व्हेसलचं वेगळं, फायर एक्स्टिंग्विशरचं वेगळं, त्यात परत सीओटू सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) ५ वर्षांनी. वर्कर्सची मेडिकल, कॉन्ट्रॅक्टरच्या लोकांचं इंडक्शन, हाइट पास (उंचीवर काम करायची परवानगी), गॅस डिटेक्टरचं कॅलिब्रेशन, मॉक ड्रिल, सेफ्टी कमिटीच्या मीटिंगचे मिनिट्स आणि त्या मिनिट्समध्ये "लवकरात लवकर करणे" म्हणून लिहिलेले ते सगळे मुद्दे जे पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा तसेच्या तसे येतात. अपघात झाला आणि माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कलम ८८ खाली नोटीस, म्हणजे तिथे तर घड्याळच चालू.

इथे कायद्याबद्दल एक सांगून ठेवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड लागू झालेत, त्यातला ऑक्युपेशनल सेफ्टीवाला २०२० चा कोड फॅक्टरीज ॲक्टच्या जागी आलाय, आणि वर मी जे कलम नंबर लिहिले ते अजून सगळ्यांच्या तोंडात बसलेत म्हणून लिहिले. तुमच्या युनिटला आज कुठला फॉर्म, कुठली मुदत, हे डिश ऑफिसमधून (राज्याचं इंडस्ट्रियल सेफ्टी आणि हेल्थ खातं) किंवा तुमच्या कन्सल्टंटकडून एकदा लेखी घेऊन ठेवा. आणि सॉफ्टवेअर निवडताना ह्याचा थेट संबंध आहे, तो पुढे सांगतो.

आता दुसरा ढीग किती मोठा झाला बघा. मकरपुऱ्यातलं पंचवीस-तीस माणसांचं फॅब्रिकेशन शॉप असेल, एक क्रेन, एक कॉम्प्रेसर, दहाबारा एक्स्टिंग्विशर, तर सगळी यादी एका शीटमध्ये मावते आणि कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावले की काम भागतं, तुम्ही इथेच थांबू शकता. पण सॉल्व्हंट वापरणारं युनिट असेल, रोज परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) निघत असतील, कॉन्ट्रॅक्टरची माणसं दर आठवड्याला बदलत असतील किंवा एकाच मालकाची दोन-तीन युनिटं असतील, तर शीट दोनेक महिन्यात मागे पडायला लागते आणि मग ती कोण अपडेट करतं ह्यावरून भांडणं.

पायरी २: ड्राइव्ह कुठे तोकडा पडतो ते आपल्याच फायलींवर तपासा

शेठसमोर "सर, ते प्रोफेशनल नाही वाटत" असं बोललात तर काही होणार नाही. आपल्याच फोल्डरमधली उदाहरणं काढा.

सगळ्यात आधी मालकी बघा. गूगल ड्राइव्हच्या माय ड्राइव्हमधली फाइल ज्याने बनवली त्याच्या अकाउंटची असते, कंपनीची नव्हे. आधीचा सेफ्टी ऑफिसर सोडून गेला, आयटीने त्याचं अकाउंट डिलीट केलं आणि फायली आधी ट्रान्सफर केल्या नव्हत्या तर त्या पण गेल्या. अनेक छोट्या युनिटात तर ते अकाउंट त्या माणसाचं पर्सनल जीमेलच असतं, १५ जीबीवालं फुकटचं, ज्यात त्याच्या भाचीच्या लग्नाचे फोटो पण आहेत. ट्रॅशमध्ये टाकलेली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. पीडीएफवर नवीन पीडीएफ चढवली की जुनी आवृत्ती ३० दिवस राहते, किंवा शंभर आवृत्त्या होईपर्यंत, "कायम ठेवा" वेगळं टिक केलं नसेल तर नंतर गायब. शेअरपॉइंटमध्ये रिसायकल बिनचे ९३ दिवस. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या अपघाताच्या वेळी कुठला एसओपी (काम करायची ठरलेली लेखी पद्धत) चालू होता हे दाखवायची वेळ आली तर तुमच्याकडे आजचा एसओपी आहे आणि "फायनल", "फायनल २", "फायनल नवीन शाहसाहेब" अशा तीन फायली आहेत. (एवढं तरी सॉफ्टवेअर न घेता सुधारता येतं, कंपनीच्या पेड अकाउंटमध्ये शेअर्ड ड्राइव्ह बनवा, तिथल्या फायली संस्थेच्या नावावर राहतात, माणूस गेला तरी.)

पण मूळ अडचण वेगळीच आहे. ड्राइव्ह म्हणजे घरातला माळा, ठेवलेलं राहतं, पण कुठली वस्तू कधी लागणार हे माळा सांगत नाही. ड्राइव्हला स्लिंगचं सर्टिफिकेट ही एक पीडीएफ दिसते, आत लिहिलेली तारीख परवा संपतेय हे त्याला कळत नाही. त्याला हे पण कळत नाही की ती स्लिंग तपासणीत नापास झाली होती आणि तरीही आज यार्डात हायड्रा क्रेनच्या हुकला लटकतेय.

आता एक प्रयोग करा. फोल्डरला विचारा: मागच्या वर्षभरात टँक फार्मजवळ किती निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) झाले, त्यातल्या कितींवर काम पूर्ण झालं, आणि पूर्ण झालं हे काम करणाऱ्यानेच सांगितलं की दुसऱ्या कोणी जाऊन बघितलं? ह्याला उत्तर काढायला तुम्हाला स्कॅन केलेले हाताने लिहिलेले फॉर्म एकेक उघडून वाचावे लागतील. असाच प्रकार फ्रिक्वेन्सी रेटचा, म्हणजे अपघातांच्या प्रमाणाचा. आयएस ३७८६ प्रमाणे तो १० लाख मॅन-अवर्सवर काढतात, म्हणजे लॉस्ट टाइम इंज्युरी (ज्यात माणसाचं काम बुडतं ते अपघात) गुणिले १० लाख भागिले कामाचे एकूण तास, आणि ह्या तासांत कॉन्ट्रॅक्टरची माणसं धरायचीच विसरतात लोक, कारण ते आकडे एचआरच्या शीटमध्ये नसतात, गेटवरच्या रजिस्टरमध्ये असतात. मग अपघात दोन्हीकडचे धरले आणि तास एकाचेच, आकडा येतो भलताच. शेठना पटायला एवढी एक प्रिंट पुरते बहुतेक वेळा.

पायरी ३: एकाच कामाचा आख्खा रस्ता कागदावर लिहा

ही पायरी सगळे गाळतात आणि सरळ डेमो मागवतात, मग डेमोमध्ये रंगीत ग्राफ बघून सगळे खूश. तसं करू नका. एक असं काम निवडा जे तुमच्याकडे नेहमी होतं आणि ज्यात गडबड झाली तर माणूस जाऊ शकतो. आमच्या इकडे सांगायचं तर दिवाळीच्या शटडाऊनमध्ये सॉल्व्हंट लाइनवर वेल्डिंग. आठ-दहा दिवसात वर्षभराची कामं उरकायची असतात, नेहमीच्या माणसांपेक्षा कॉन्ट्रॅक्टरची माणसं जास्त, अर्धे ऑपरेटर गावाला गेलेले, आणि लाभ पाचमपर्यंत (दिवाळीनंतरची पंचमी) प्लांट चालू करून द्या म्हणून वरून फोन.

आता ह्या हॉट वर्क (आग-ठिणगीच्या कामाच्या) परमिटचा रस्ता जसा खरोखर होतो तसा लिहा, एसओपीत लिहिलाय तसा नाही. परमिट मागतो कोण, मेंटेनन्सचा इंजिनियर का कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर? लाइन रिकामी केली, धुतली, ब्लाइंड (लाइन बंद करणारी चकती) टाकला, हे कोण बघतं आणि टॅग-लॉक कोण लावतं? गॅस टेस्ट कोण घेतं, किती वाजता, मीटरचं कॅलिब्रेशन चालू आहे का? आकडा कुठे लिहितात (एलईएल, म्हणजे हवेतल्या पेट घेणाऱ्या वाफेचा आकडा, शून्य पाहिजे, आणि व्हेसलमध्ये आत शिरायचं असेल तर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नको)? जेवणाच्या सुट्टीनंतर परत टेस्ट होते का? त्याच वेळी बाजूच्या टँकमध्ये टँकर खाली होतोय हे परमिट देणाऱ्याला कोण सांगणार? शिफ्ट बदलली की परमिटचं काय? काम संपल्यावर फायर वॉचर (आगीवर लक्ष ठेवणारा माणूस) अर्धा तास-तासभर थांबला का, आणि परमिट बंद केल्याची सही खरंच बंद करताना होते की दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठ्याने?

हे लिहिताना लोक लाजतात, तरी खरं लिहा, कागद बाहेर कोणाला द्यायचा नाहीये. लिहून झाल्यावर ज्या ज्या ठिकाणी "हे फोनवर ठरतं" किंवा "ते त्याला माहीत असतं" असं आलंय तिथे लाल पेनने गोल करा. सॉफ्टवेअर घ्यायचं ते ह्या लाल गोलांसाठी. गोल काढलेल्या जागी ते काहीच करणार नसेल आणि फक्त शेवटी भरलेला फॉर्म साठवणार असेल, तर ते पण ड्राइव्हच आहे, महिन्याचं बिल येणारं.

पायरी ४: डेमो तुमच्या प्लांटमध्ये, तुमच्या परमिटवर

बाजारात नावं खूप आहेत, सेफ्टीकल्चर (आधीचं आय-ऑडिटर) सारखी चेकलिस्टपासून सुरू झालेली आहेत, इन्टेलेक्स, कोरिटी, एनाब्लॉन सारखी मोठ्या कंपन्या वापरतात ती आहेत, एसएपी असेल तर त्याचंही मॉड्युल आहे, शिवाय आपल्याकडच्या छोट्या कंपन्या आहेत ज्या परमिट आणि कॉन्ट्रॅक्टर ह्यावर जास्त भर देतात. नावावर जाऊ नका. तुम्ही लिहिलेला रस्ता वेंडरला दोन दिवस आधी पाठवा आणि सांगा की डेमोमध्ये फक्त हेच दाखवायचं, तुमची स्लाइड नको.

डेमो कॉन्फरन्स रूममध्ये अर्धा आणि उरलेला बाहेर, शेडमध्ये. इथे एक गोष्ट बहुतेक वेंडर स्वतःहून बोलत नाहीत: त्यांचं सगळं मोबाइल ॲपवर असतं, आणि सॉल्व्हंटच्या फ्लेमप्रूफ एरियात साधा मोबाइल न्यायलाच बंदी असते, गेटवर जमा करून घेतात. मग ॲप उघडायचं कशावर? एकतर त्या झोनला चालणारा सर्टिफाइड हँडसेट घ्यावा लागतो, जो साध्या फोनपेक्षा खूप महाग पडतो, नाहीतर परमिट काउंटरवर टॅब किंवा कॉम्प्युटर ठेवून तिथूनच काम करायचं. दुसरं चालतं, पण मग गॅस टेस्टचा आकडा जागेवर भरला जाणार नाही, लक्षात ठेवून येऊन भरला जाईल, हे धरून प्रोसेस ठरवा. आणि बेसमेंटमध्ये, जाड भिंतींच्या शेडमध्ये नेटवर्क जातं तेव्हा ॲप ऑफलाइन चालतं का ते फोन फ्लाइट मोडवर टाकून तिथल्या तिथे बघा.

भाषा. वर्कर गुजराती, कॉन्ट्रॅक्टरची माणसं बिहार, यूपी, ओडिशाची, सुपरवायझर आपल्यातला एखादा. इंग्लिश फॉर्म कोणी भरणार नाही, भरला तर सुपरवायझर सगळ्यांच्या नावाने एकटा बसून भरेल. गुजराती आणि हिंदी दोन्ही पाहिजे, मेनूपुरती नाही, तुमचे स्वतःचे चेकलिस्टचे प्रश्नसुद्धा. निअर मिस सांगायला लॉगिन लागत असेल तर सोडून द्या, भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करून फोटो आणि बोललेला मेसेज टाकता आला पाहिजे, नाव न देता.

मग परमिट उघडायला सांगा आणि गॅस टेस्टचा रकाना रिकामा ठेवून पुढे जायचा प्रयत्न करा. जाऊ दिलं तर नमस्कार करा. कालची तारीख टाकून परमिट बनवून बघा. भरलेला आकडा नंतर बदलून बघा, आणि कोणी कधी बदलला ह्याची नोंद दिसते का ते विचारा, वेंडरच्या ॲडमिनने बदलला तरी दिसली पाहिजे. त्याच जागेवर त्याच वेळेचं दुसरं परमिट काढा, सॉफ्टवेअर ओरडलं पाहिजे.

रिमाइंडर सगळेच दाखवतात, तुम्ही एस्कलेशन (उत्तर नाही आलं तर वरच्याला कळवणं) विचारा. समजा क्रेनची तपासणी १५ जानेवारीला ड्यू आहे आणि ज्याला मेल जाणार तो वासी उत्तरायणाला (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी) गच्चीवर पतंग उडवतोय, फोन खाली चार्जिंगला. त्याने नाही बघितलं तर दुसरा मेल कोणाला, किती दिवसांनी, आणि वरच्या साहेबाने पण नाही बघितलं तर? क्रेनला "वापरू नये" असं आपोआप लागतं का?

मघाशी कायद्याचं म्हणत होतो ते इथे. फॉर्म आणि मुदती तुम्ही स्वतः बदलू शकता की प्रत्येक बदलासाठी वेंडरला पैसे द्यायचे? नवीन कोडामुळे फॉर्म बदलतात, त्यामुळे जुन्या ॲक्टचे फॉर्म पक्के ठोकून बसवलेलं सॉफ्टवेअर स्वस्तात मिळत असेल तरी नको.

मेडिकलच्या बाबतीत थोडं कडक राहा. कोणाला ऐकू कमी येतंय, कोणाच्या रक्तात काय निघालं, हे शॉप फ्लोअरच्या सगळ्या लॉगिनना दिसता कामा नये, फक्त फॅक्टरी मेडिकल ऑफिसर आणि एखाद-दोघं. २०२३ चा डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, पण कायदा नसता तरी. ड्राइव्हवर हे फोल्डर "लिंक असेल तो कोणीही" वर शेअर केलेलं सापडतं, ते आजच बंद करा, सॉफ्टवेअरची वाट बघू नका.

आणि शेवटी हे विचारा: उद्या तुम्हाला सोडलं तर आमचा डेटा कसा देणार? फोटो आणि सह्यांसकट, एक्सेल आणि पीडीएफमध्ये, की नुसता एक डंप? उत्तर ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

पायरी ५: किंमत

प्रति युजर की प्रति साइट, हे आधी. आपल्याकडे शटडाऊनला माणसं तिप्पट होतात, तेव्हा प्रति युजरवालं बिल कुठल्या कुठे जातं. सुरुवातीचा सेटअप चार्ज, ट्रेनिंगचा चार्ज, जुना डेटा चढवायचा चार्ज वेगळे असतात, वर १८ टक्के जीएसटी, कोटेशनमध्ये हे खाली बारीक अक्षरात. सगळी मॉड्युल एकदम घ्या म्हणून मागे लागतील, डिस्काउंट देतील. घेऊ नका. परमिट जास्त असतील तर परमिट, नसतील तर ॲक्शन ट्रॅकिंग (बाकी मुद्द्यांचा पाठपुरावा), एवढ्यानेच सुरू करा.

पायरी ६: एक प्लांट, एक मॉड्युल

जुने दहा वर्षांचे कागद चढवत बसू नका. आज उघडे असलेले मुद्दे आणि चालू असलेली सर्टिफिकेटं, बास. कागद आणि सॉफ्टवेअर दोन्ही थोडे दिवस बरोबर चालवा, पण बंद करायची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा, नाहीतर लोक कागद दिवसा भरतात आणि सॉफ्टवेअर संध्याकाळी एकटा ट्रेनी बसून भरतो. रजिस्टर इलेक्ट्रॉनिक ठेवायला नवीन कोडात मुभा आहे, तरी आपल्या इन्स्पेक्टर साहेबांना आधी दाखवून घेतलेलं बरं.

काही गोष्टी छापीलच राहू द्या: ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅनची कॉपी मेन गेटवर आणि कंट्रोल रूममध्ये, एमएसडीएस (केमिकलचं सेफ्टी माहितीपत्रक) जिथे केमिकल आहे तिथे, इमर्जन्सी फोन नंबर भिंतीवर. आग लागल्यावर पहिल्यांदा लाइट जाते आणि वायफाय तिच्याबरोबर.

पहिल्या महिन्यानंतर रिपोर्टमधला हिरवा रंग बघू नका, वेळा बघा. सगळ्या चेकलिस्ट पावणेसहा ते सहाच्या मध्ये भरलेल्या असतील, तीस पॉइंटची तपासणी दोन मिनिटांत झाली असेल, सगळीकडे तोच फोटो लावला असेल, तर जाऊन त्या माणसाशी बोला, ओरडू नका, बहुतेक वेळा फॉर्मच फालतू लांब असतो आणि तो तुम्हीच बनवलेला असतो. निअर मिस वाढले तर शेठ घाबरतील, "पहेलां तो आटला नहोता थता" (आधी एवढे होत नव्हते) म्हणतील. पहिले तीन-चार महिने आकडा वाढणार हे त्यांना ऑर्डर देतानाच सांगून ठेवा, आणि कमी रिपोर्ट करणाऱ्या डिपार्टमेंटला बक्षीस देण्याची आयडिया कोणी काढली तर ती तिथेच मोडून काढा. बंद झालेल्या मुद्द्यांपैकी दर आठवड्याला चार-पाच स्वतः जागेवर जाऊन बघा, गार्ड खरंच बसवलाय का.

जुन्या ड्राइव्हचं फोल्डर डिलीट करू नका. मालकी कंपनीच्या शेअर्ड ड्राइव्हवर घ्या, सगळ्यांना फक्त वाचायची परवानगी ठेवा, नावापुढे कुठल्या तारखेपर्यंतचे कागद आहेत ते टाका, आणि पहिल्या ढिगातल्या फायलींची लिंक सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या मशीनच्या नावाखाली चिकटवा म्हणजे रात्रपाळीवाल्याला मॅन्युअल शोधायला तुम्हाला फोन करावा लागणार नाही.